त्रेपन्नाव्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड

घरात एखादे वृद्ध माणूस दीर्घकाळ आजारी असले, की त्याची काळजी घेणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हळूहळू रुजते. ‘हे सगळं जरा मार्गी लागलं की मग बघू.’ मग प्रवास, मग स्वतःच्या गुडघ्याची तपासणी, मग अर्धवट राहिलेले गाणे, मग शिक्षण. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य उच्चारले असेल. माझ्या घरात ते सहा वर्षे नांदत होते. माझे वडील, आप्पा, यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते आणि मी ४७ची. एका रात्री त्यांना झोपवून मी स्वयंपाकघरात बसले असताना या वाक्याचा अर्थ नीट लावून पाहिला. हा आजार मार्गी लागणारा नाही. तो पुढेच जातो. तेव्हा ‘हे सगळं मार्गी लागणं’ याचा आमच्या घरापुरता अर्थ एकच उरत होता, आणि तो अर्थ मनात स्पष्ट शब्दांत उमटला तेव्हा मला तेथे बसवेना. माझी कोणतीही इच्छा आप्पांच्या जाण्याची वाट पाहत बसावी, हे मला त्यांच्यासाठीही नको होते.

गेल्या जून महिन्यात, वयाच्या ५३व्या वर्षी, मी लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे भूदृश्यरचनेच्या, अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आप्पा आता ८४ वर्षांचे आहेत आणि माझ्याजवळच राहतात.

हे शिक्षण माझ्या पूर्वीच्या कामापासून वाटते तितके दूर नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, कंपवाताने पाऊल अडखळणारे असे रुग्ण मी पुण्यात २८ वर्षे चालवीत आले. दवाखान्यातील समांतर दांड्यांमध्ये उत्तम चालणारा माणूस घरी गेल्यावर महिनाभरात पुन्हा खाटेला का खिळतो, हा प्रश्न या सर्व वर्षांत माझा पिच्छा पुरवीत होता. घरभेटींना जाऊ लागल्यावर उत्तर डोळ्यांसमोर दिसू लागले. उंबरठ्याबाहेर तीन पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. अंगणात गुळगुळीत फरशी आहे, तीवर नळाचे पाणी सांडलेले आहे. बागेत जावे तर बसायला जागा नाही, आणि जागा असली तर तीवरून उठता येत नाही. स्नायूंना बळ देणे माझ्या हाती होते. ते बळ घेऊन माणसाने जायचे कुठे, हे मात्र दुसऱ्याच कोणीतरी, बहुधा त्याचा विचार न करता, ठरवून ठेवलेले असे.

प्रवेशाची चौकशी करताना प्रथम एक भिंत लागली. आपल्याकडे या विषयातील पदव्युत्तर पदवीला साधारणपणे वास्तुकलेची पदवी लागते, आणि ती पदवी पाच वर्षांची. म्हणजे रीतसर मार्गाने गेले तर माझी साठी वर्गातच साजरी झाली असती. दुसरा मार्ग आहे तो पदविका अभ्यासक्रमांचा. त्यांपैकी काहींना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. या निमित्ताने एक गंमतीची गोष्ट कळली. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवले आहे. परंतु त्याच कायद्याने ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांचे आराखडे करणारा ‘नेव्हल आर्किटेक्ट’ या दोघांना त्या बंधनातून वगळले आहे. झाडे, वनस्पती आणि भूदृश्य यांच्याशी निगडित मोकळ्या जागांची आखणी करणारा, अशी त्याची व्याख्याही तेथे आहे. कायद्याने दार उघडे ठेवले म्हणून पदविकाधारकाने पदवीधराच्या आविर्भावात मिरवावे, असे मला वाटत नाही. पूल, धरणकाठ, नगरांची उद्याने ही कामे पूर्ण शिक्षण घेतलेल्यांची. मला हवे आहे ते अंगण, गच्ची, सोसायटीची मागची मोकळी जागा, वृद्धाश्रमाचे आवार. तेवढ्यासाठी हा मार्ग पुरेसा आहे.

खरी अडचण प्रवेशाची नव्हतीच. ती घरातली होती. वर्ग शनिवारी व रविवारी दिवसभर आणि बुधवारी संध्याकाळी. नाशिकच्या भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, आत्ता? आप्पांचं काय?” वहिनींनी तोच प्रश्न अधिक मऊ आवाजात विचारला. स्त्रीने नोकरीसाठी घराबाहेर जाणे आता कुणाला खटकत नाही, कारण त्यातून पैसा येतो. पन्नाशीनंतर शिकायला जाणे मात्र हौस ठरते. आणि घरात आजारी माणूस असताना हौस म्हणजे जवळजवळ गुन्हा. मी भावाशी वाद घातला नाही. त्याच्यासमोर वेळापत्रक ठेवले. महिन्यातील दोन शनिवार-रविवार तो येईल, उरलेले दोन माझे यजमान आणि दिवसाच्या मावशी सांभाळतील, बुधवारी यजमान कार्यालयातून लवकर येतील. मी सकाळी सात ते दहा या वेळेत घरभेटींचे रुग्ण पाहणे सुरूच ठेवले आहे, त्यामुळे मावशींचा पगार आणि घरखर्च यांना धक्का लागलेला नाही. शुल्क साठवणीतून भरले.

काळजी घेणाऱ्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगते, कारण तिच्याविना माझे शिक्षण पहिल्या आठवड्यातच थांबले असते. मी एक दोनशे पानी वही केली. औषधांची वेळ आणि मात्रा पहिल्या पानावर. त्यापुढे मात्र कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर नसते ते लिहिले. आप्पा दुपारी चारनंतर अस्वस्थ होतात, तेव्हा ‘घरी जायचंय’ म्हणतात. ‘हेच तुमचं घर’ असे सांगू नये, चपला घालून जिन्यापर्यंत नेऊन आणावे. आंघोळीला नकार दिला तर अर्धा तास विषय काढू नये. पाण्याचा पेला पारदर्शक नको, त्यांना तो दिसत नाही. लाल पेला द्यावा. वरणभात कालवून ताट समोर ठेवले तर स्वतः जेवतात, वाट्या वेगळ्या ठेवल्या तर नुसते पाहत राहतात. सहा वर्षे हे सर्व माझ्या डोक्यात होते, आणि ते माझ्याच डोक्यात होते म्हणून मला घराबाहेर पडता येत नव्हते. भावाने पहिल्या शनिवारी ती वही वाचली. रात्री मी परतले तेव्हा तो म्हणाला, “मला यातलं काहीच माहीत नव्हतं.” त्यानंतर त्याने ‘आप्पांचं काय’ असे विचारलेले नाही. आता तो स्वतः वहीत भर घालतो. आप्पांना दाढी करताना आरसा दाखवू नये, हा शोध त्याचा.

वर्गातील बहुतेक विद्यार्थी पंचविशीच्या आत-बाहेरचे. पहिले दोन दिवस त्यांनी मला प्राध्यापिका समजून उठून उभे राहण्याचा मान दिला. पुढे ‘मॅडम’ झाले आणि आता ‘काकू’ हे पद कायम आहे. ड्रॉइंग बोर्डवर वाकून दोन तास काम केले की माझी मान आखडते. म्हणून मी रुग्णांना देते तोच सल्ला स्वतःला लागू केला. बोर्ड तिरपा केला, पायाखाली पाट घेतला आणि दर वीस मिनिटांनी उठते. हळूहळू शेजारची मुलेही उठू लागली आहेत. चष्म्याचा मात्र नाइलाज आहे. फळ्यासाठी एक, कागदासाठी एक आणि संगणकासाठी तिसरा. संगणकावरील आरेखनात मी वर्गात सर्वांत मागे आहे, आणि तेथे वयाची सबब देण्यात अर्थ नाही. सराव हवा, तो चालू आहे.

उलट जेथे माझी धास्ती होती तो वनस्पतिनामांचा विषय मला रुचला. वैद्यकीय शब्दांमुळे लॅटिन कानाला परके नव्हते. बहाव्याचे नाव कॅशिया फिस्च्युला. डायलिसिसच्या रुग्णांच्या हातावरील ‘फिस्च्युला’ मी कित्येक वर्षे पाहत आले. शब्दाचा मूळ अर्थ नळी, आणि बहाव्याच्या लांब शेंगा नळीसारख्याच असतात. प्राजक्ताच्या नावातील ‘आर्बोर-ट्रिस्टिस’ म्हणजे दुःखी वृक्ष. पहाटे सगळी फुले गाळून मोकळे होणारे झाड कुणाला दुःखी वाटावे, हे एक नवल.

दुसऱ्या महिन्यात समोच्च रेषांचा, म्हणजे कंटूरचा, अभ्यास आला. समान उंचीचे बिंदू जोडून काढलेल्या या रेषा वाचता आल्याशिवाय जमिनीवर काहीच आखता येत नाही. पाणी कोठून येईल, कोठे साचेल, उतार कोठे सोसवेल, सारे त्यांत असते. मी रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. आप्पा शेजारच्या खुर्चीवर होते. ते निवृत्त झाले पाटबंधारे खात्यातून. उमेदीची वर्षे डम्पी लेव्हल आणि साखळी घेऊन कालव्यांच्या मोजणीत गेली. पण त्या रात्री माझ्या मनात त्यातले काही नव्हते. गेले काही महिने ते मला नावाने हाक मारीत नाहीत; ‘बाई’ म्हणतात. त्यांनी नकाशा आपल्याकडे ओढला, बराच वेळ पाहिला आणि जेथे रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वरच्या अंगाला वळल्या होत्या तेथे बोट ठेवले. “हा नाला. पाणी इथनं येणार. इथं घर बांधू नका, बाई.”

बोट अचूक जागी होते. तुम्हाला हा चमत्कार वाटला तर तसे नाही, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. तारुण्यात हजारो वेळा केलेली गोष्ट, शरीराच्या आणि डोळ्यांच्या सवयीत मुरलेले कसब, हे अलीकडच्या आठवणींपेक्षा पुष्कळदा जास्त काळ टिकते. जुन्या गायकाला गाणे आठवते, शिंप्याच्या बोटांना टाका आठवतो. त्याने आजार मागे हटत नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तोच नकाशा चार घड्या घालून गादीखाली ठेवला आणि तो सापडायला दोन दिवस लागले. घड्यांसह तो सादर झाला. परंतु सहा वर्षांत प्रथमच आम्ही दोघे एका गोष्टीकडे, एका बाजूने पाहत होतो. औषध देणारी मी आणि घेणारे ते, ही रोजची मांडणी त्या टेबलावर काही मिनिटे नव्हती. त्यानंतर मी जमेल तेव्हा त्यांच्याशेजारी बसून अभ्यास करते. कधी ते बोलतात, बहुतेकदा नाही.

मोकळी जागा आणि आरोग्य यांच्या नात्यावर वर्गात जे शिकवले गेले, त्यातील एक अभ्यास तुम्हाला सांगण्याजोगा आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंतीवाले ८.७० दिवस, झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णसंख्या लहान आहे, त्यामुळे यावरून ‘झाड पाहा, बरे व्हा’ अशी जाहिरात कुणी करू नये. तरीही खाट खिडकीकडे वळवायला खर्च काही येत नाही. आप्पांची मी वळवली.

आणखी एका माणसाची ओळख करून देते. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे या व्यवसायाचे अमेरिकेतील आद्य पुरुष. त्यांनी आधी खलाशी म्हणून चीनची सफर केली, मग शेती केली, मग पत्रकारिता. १८५७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कामावर देखरेखीसाठी ते नेमले गेले आणि पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह केलेला त्यांचा आराखडा निवडला गेला. वर्गातील मुले त्यांना ‘उशिरा वळलेला’ म्हणतात. तेव्हा ते पस्तिशीत होते, त्यामुळे मला त्यातून फारसा धीर येत नाही. मला त्यांच्या आयुष्याचा शेवट अधिक जवळचा वाटतो. १८९५च्या सुमारास त्यांची स्मृती ढासळू लागली, त्यांनी काम सोडले, आणि १८९८ साली त्यांना मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लिन रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या रुग्णालयाच्या आवाराबाबत त्यांनी स्वतः पूर्वी सल्ला दिला होता, तेच हे. १९०३ साली ते तेथेच गेले. ज्या वर्गात हे सांगितले गेले त्या वर्गात मी काही वेळ वहीत लिहिले नाही.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एक खरी जागा घेऊन तिचा आराखडा करायचा होता. मी आमच्या सोसायटीची मागची जागा घेतली. सुमारे १४ मीटर लांब, ९ मीटर रुंद, आज तेथे जुन्या दुचाक्या आणि पाण्याच्या टाकीचे झाकण आहे. आमच्या ३२ घरांत सत्तरीवरील माणसे १९ आहेत. हे काम करताना माझे जुने ज्ञान आणि नवे शिक्षण पहिल्यांदा एका कागदावर आले. त्यातील काही गोष्टी तुमच्या घराच्या अंगणालाही लागू पडतील.

जिन्याच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे चढ दीड फुटाचा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा यापेक्षा तीव्र नको. तेव्हा उतार निदान अठरा फूट लांब हवा. अनेक इमारतींत सहा फुटांचा घसरगुंडीसारखा उतार करून ‘सोय केली’ असे म्हणतात. त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्या मुलीच्या मनगटांना विचारा.

बाकाची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. बाकाखाली पोकळी हवी, हे फार थोड्यांना. खुर्चीतून उठताना माणूस आधी पावले गुडघ्यांच्या मागे घेतो. विटांचा भरीव कट्टा असेल तर पावले मागे जाऊच शकत नाहीत आणि धडधाकट माणसालाही झोका घेऊन उठावे लागते. आपल्याकडील बागांमधले किती कट्टे भरीव असतात, ते तुम्ही उद्या पाहून घ्या.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी वाट वळून पुन्हा दाराशी यावी. वाट भिंतीपाशी संपली की तो तेथे गोंधळून थांबतो. फरशीत शोभेसाठी घातलेली काळ्या कडप्प्याची पट्टी त्याला खड्डा वाटू शकते. आप्पा ती ओलांडायला तयार होत नाहीत, हे मी कित्येकदा पाहिले होते, कारण आता कळते. दारातून एकदम उन्हात पाऊल टाकले की म्हाताऱ्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, म्हणून दाराबाहेर लगेच वेलीचा मांडव. उतारवयात डोळ्यांचे भिंग पिवळसर होते, त्यामुळे निळी-जांभळी फुले मंद दिसतात. गोकर्णापेक्षा झेंडू आणि तांबडी जास्वंद बरी. ‘वृद्धांसाठी सुगंधी बाग’ हे शब्द ऐकायला गोड आहेत, परंतु स्मृतिभ्रंशात वास घेण्याची शक्तीच बहुधा उणावते. मी मोगरा ठेवला आहे, पण भरवसा हाताच्या स्पर्शावर ठेवला आहे. गवती चहाची खरखरीत पाने, ओव्याची लुसलुशीत पाने, कमरेएवढ्या उंचीच्या वाफ्यात, वाकावे लागू नये अशी. कण्हेर, बिट्टी, धोत्रा आणि कुंडीत लाडाने वाढवली जाणारी डिफेनबेकिया यांना मात्र तेथे जागा नाही. ती विषारी किंवा दाहक आहेत, आणि हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या माणसाला हे समजत नाही.

परीक्षक सरांनी झाडांच्या निवडीवर पुष्कळ हरकती काढल्या, त्यातल्या बहुतेक रास्त होत्या. आराखडा मी सोसायटीच्या समितीपुढेही ठेवला. उताराला मंजुरी मिळाली, दोन बाकांनाही. कडप्प्याची पट्टी काढण्यास खर्चाचे कारण देऊन नकार आला. पुढच्या सभेत मी तो विषय पुन्हा मांडणार आहे. बाक तयार होईपर्यंत त्यांच्या नियोजित जागी मी दोन हातांच्या खुर्च्या ठेवल्या आहेत, अंतर सोसवते का ते पाहण्यासाठी. पहिली दारापासून आठ मीटरवर, दुसरी तेथून आणखी आठ मीटरवर. आप्पा रोज सकाळी पहिल्या खुर्चीपर्यंत येतात. दुसरीपर्यंत गेल्या पंधरवड्यात दोनदा पोहोचले. तिसऱ्या मजल्यावरील एक आजी आता दुपारी तेथे येऊन बसू लागल्या आहेत, त्यांना कुणी बोलावले नव्हते.

दुसरे सत्र सुरू झाले आहे. येत्या शनिवारी जमिनीच्या निचऱ्याचा विषय निघेल. भाऊ शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतो आहे, आणि आप्पांच्या मोजणीच्या जुन्या वह्या मी माळ्यावरून काढून, धूळ झटकून, टेबलावर ठेवल्या आहेत.